डॉक्टर, हा बोट का दाखवत नाही? (लहान वयात ऑटिझम ओळखण्याच्या नव्या पद्धती)

खारी_बिस्किट | रविवार, रात्री १०.४०

मागच्या आठवड्यात नणंदेने एक बातमी पाठवली. बाळाला पडद्यासमोर बसवून बारा मिनिटं व्हिडिओ दाखवायचे, त्याच्या नजरेवरून यंत्र ऑटिझम (स्वमग्नता) ओळखतं. खाली तिने लिहिलं होतं, 'आपल्या वेळी हे असतं तर गं.' त्या 'तर'पायी आठवडाभर मिळेल ते वाचत बसले. इथले जुने धागे चाळले. थेरपीवर बरेच आहेत, ओळखण्यावर नाहीत. म्हणून हा.

आधी आमचं सांगते. लेक आता नऊ वर्षांचा आहे. चौदा महिन्यांचा असताना नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा वाजला की तिसऱ्या खोलीतून पळत यायचा. त्यामुळे 'कान शाबूत आहेत, लबाड आहे झालं' असा घरचा निकाल. दीड वर्षाचा झाल्यावर पाणी हवं असलं की माझं मनगट धरून फिल्टरपाशी न्यायचा आणि माझा हात नळावर ठेवायचा. तोंडाकडे बघायचा नाही. माझा हात त्याच्या लेखी पक्कड होता. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायचा, तर आजोबा कौतुकाने म्हणायचे, इंजिनिअर होणार. दोन वर्षांचा असताना डॉक्टरांना विचारलं. 'मुलगे उशिरा बोलतात, त्यात तुमच्या घरात दोन भाषा. सहा महिने थांबा.' थांबलो. सहाचे बारा झाले. शेवटी प्लेग्रुपच्या बाई गेटपाशी हळूच म्हणाल्या, 'एकदा दाखवून घ्या हो याला.' निदानाचा कागद हातात आला तेव्हा तो पावणेचार वर्षांचा होता. पहिल्या शंकेपासून दोन वर्षं सात महिने.

ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. लिओ कॅनरने १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन लिहिलं तेव्हापासून आजवर निदान होतं ते मूल कसं वागतं हे बघून आणि आईबापांना विचारून. निदानाच्या आधी चाळणी असते. सगळ्यात वापरातली चाळणी म्हणजे एम-चॅट, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० हो-नाही प्रश्न. २ पर्यंत गुण आले तर धोका कमी. ३ ते ७ आले तर तेच प्रश्न खोलात जाऊन पुन्हा विचारायचे. ८ किंवा वर गेले तर थेट तज्ज्ञांकडे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाला चाळणी लावा म्हणते, मग आईबापांना शंका असो वा नसो.

त्या २० प्रश्नांतले तीन नुसते बोटाबद्दल आहेत. तुम्ही बोट दाखवलंत तर मूल तिकडे बघतं का? हवी ती वस्तू मागायला बोट दाखवतं का? आणि काहीतरी गंमत तुम्हाला दाखवायची म्हणून बोट करतं का? मागायचं बोट आणि दाखवायचं बोट वेगळं असतं हे मला लेकाच्या चौथ्या वर्षी कळलं. आपण बाळाला चिऊचा घास, काऊचा घास करत भरवतो ना, तेव्हा काय होतं ते आठवा. आई खिडकीकडे बोट करते. बाळ आधी बोटाकडे बघतं, मग बोटाच्या रेषेत चिमणीकडे, आणि मग वळून आईच्या तोंडाकडे, 'तूही बघितलीस ना?' म्हणून. माझा लेक घास घ्यायचा. वळून बघायचा नाही.

ही नवी यंत्रंही बरीचशी हेच मोजतात. अटलांटाच्या मार्कस ऑटिझम सेंटरमधल्या वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी तान्ह्या बाळांची नजर महिन्यामहिन्याला टिपली. ज्यांना पुढे ऑटिझम निघाला ती बाळं सुरुवातीला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत इतरांसारखीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं ओसरत गेलं. हे २०१३ मध्ये छापून आलं. त्याच लोकांचं यंत्र म्हणजे नणंदेच्या बातमीतलं अर्लीपॉइंट. त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता २०२२ मध्ये मिळाली. सहा विशेष केंद्रांतल्या ४७५ मुलांवर तपासलं तेव्हा ज्यांना ऑटिझम होता त्यांतली ७१ टक्के मुलं त्याने ओळखली आणि ज्यांना नव्हता त्यांतल्या ८१ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हटलं.

बातमीत हे ७१ कुठेच नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

कुणाचे अनुभव असतील तर लिहा. शंका कधी आली, कुणी ऐकली, किती दिवस गेले. आणि या यंत्रांबद्दल कुणाला आतली माहिती असेल तर तीही.

अर्धा_कप_चहा | रविवार, रात्री ११.१५

वाखु (वाचनखूण) साठवली. 'माझा हात म्हणजे पक्कड' वाचून काटा आला. आमच्या शेजारचा नातू हुबेहूब असंच करतो. कसं सांगायचं त्यांना?

एक बाळबोध प्रश्न: हे मोबाइलमुळे होतं ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हर्च्युअल ऑटिझमचे व्हिडिओ फिरत असतात.

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७.०५

ओपीडीच्या आधी घाईत लिहितो.

मोबाइल आधी. तासन्‌तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाचं बोलणं मागे पडू शकतं, हे खरं. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं निदान अधिकृत पुस्तकात नाही. मोबाइल बंद करा, फायदाच होईल. फक्त 'तीन महिने मोबाइल बंद करून बघू आणि मग तपासू' असं करू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. बरेचदा उलटही असतं: मूल माणसांत रमत नाही म्हणून घरचे हातात मोबाइल देतात, आणि मग मोबाइलच आरोपी ठरतो.

दुसरं, बिस्किटाच्या पुड्याने कान तपासले जात नाहीत. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची आधी बेरा, म्हणजे झोपेत करतात ती ऐकण्याची तपासणी, करून घ्या. काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही, अशीही मुलं असतात.

तिसरं, ताई, तुमच्या डॉक्टरांची बाजू घेत नाही, पण बाकावरून कसं दिसतं ते सांगतो. सकाळी साठ-सत्तर मुलं. खोकला, जुलाब, लस. आई विचारते 'बोलत नाही हो', मी मान वर करेपर्यंत मूल रडायला लागलेलं. रडणाऱ्या मुलाच्या नजरेतलं काहीही दिसत नाही. 'थांबा' म्हणणं सोपं असतं, कारण दहातले काही खरंच उशिरा बोलतात. आणि जे बोलत नाहीत ते पुढे माझ्याकडे परत येत नाहीत, दुसरीकडे जातात. त्यामुळे माझी चूक मला कधी कळतच नाही.

एम-चॅटचंही तसंच. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने आपल्या दवाखान्यांतल्या जवळजवळ २६,००० मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये छापलं: रोजच्या ओपीडीत पुढे ऑटिझम निघालेल्या १०० पैकी जेमतेम ३९ मुलं या चाळणीत सापडली. हे तिथलं, जिथे कागद भरून घ्यायला माणूस आहे. आमच्याकडे वडील फॉर्म भरतात आणि 'हो, हो, सगळं करतो' म्हणून परत देतात.

सदतीस_अंश | सोमवार, सकाळी ८.३० (इथे रविवार रात्र)

न्यू जर्सीत असतो, पोटापाण्याला मशीन लर्निंग करतो. वैद्यकातलं काही कळत नाही, पण टक्केवारी कशी फसवते ते कळतं.

ड्यूक विद्यापीठाचं सेन्स टू नो नावाचं ॲप आहे. टॅबलेटवर छोटे व्हिडिओ लागतात, मधे मुलाला नावाने हाक मारतात, शेवटी बुडबुडे फोडायचा खेळ. कॅमेरा बघतो की नजर कुठे जाते, चेहरा कसा बदलतो, डोकं किती हलतं, हाकेला वळायला किती वेळ लागतो, पापण्या किती लवतात. नेहमीच्या दवाखान्यांत तपासणीला आलेल्या मुलांवर केलेलं, २०२३ मध्ये छापलेलं. यातही मुलं ४७५च, निव्वळ योगायोग. पकडण्याचं प्रमाण ८८ टक्के, नसलेल्यांना सोडण्याचं ८१. भारी वाटतं ना?

आता अशी चाळणी आपल्या एखाद्या गावात लावा. १,००० मुलं, त्यातली समजा १० ऑटिस्टिक. ॲप त्यातली ९ पकडेल. उरलेल्या ९९० पैकी १९ टक्के मुलांनाही लाल दिवा लागेल, म्हणजे जवळपास १९०. लाल दिव्याची रांग १९९ची, त्यात खरी मुलं ९. त्यांच्या अभ्यासात ४७५ पैकी ४९ मुलं ऑटिस्टिक होती, शेकडा दहा, म्हणून तिथे आकडा बरा दिसतो. तरीही लाल दिव्यातली ४१ टक्केच खरी निघाली. एम-चॅट जोडीला घेतल्यावर ६३.

ॲप वाईट आहे असं नाही. चाळणीला निदान म्हणू नका, इतकंच.

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी २.२०

सदतीस_अंश, गणित बरोबर. पण ते १९० म्हणजे ठणठणीत मुलं असं धरू नका. एम-चॅटची सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये १६,००० मुलांवर तपासली होती. दुसऱ्या फेरीनंतरही लाल राहिलेल्या मुलांत निम्म्याहून थोडी कमी ऑटिस्टिक निघाली. पण १०० पैकी ९५ मुलांत काही ना काही विकासाची अडचण होतीच. कुणाचं बोलणं मागे, कुणाची बुद्धीची वाढ मागे. त्यांनाही मदत हवीच असते.

सदतीस_अंश | सोमवार, दुपारी २.५५

मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. (आणि हो, झोप येत नाहीये.)

जुना_सदस्य | सोमवार, संध्याकाळी ६.१०

रागावू नका, पण आमच्या पिढीत वाड्यात वीस पोरं होती. एखादा घुम्या असायचा, एखादा तिरसट. मोठे झाले, नोकरीला लागले. आता प्रत्येकाला लेबल. अमेरिकेत म्हणे १५० मध्ये एक होता, आता ३१ मध्ये एक. हा रोग वाढलाय की दुकानं वाढलीत? लसींबद्दलही बरंच वाचलंय.

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९.००

लसीचं दोन ओळींत. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८चा तो निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक सापडला नाही. यावर मी पुढे वाद घालणार नाही, गोवराने दगावलेलं मूल मी पाहिलेलं आहे.

१५० आणि ३१ हे आकडे बरोबर आहेत, २००० आणि २०२२ सालचे, आठ वर्षांच्या मुलांचे. वाढीचा मोठा भाग व्याख्या रुंदावण्याचा आणि आता शोधलं जाण्याचा आहे. २०१३ मध्ये ॲस्पर्जर वगैरे वेगवेगळी नावं ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच नावाखाली आणली.

उलटी_छत्री | सोमवार, रात्री ११.३०

काका, वाड्यातली ती घुमी म्हणजे मीच. वयाच्या ३४व्या वर्षी निदान झालं.

शाळेत बाई म्हणायच्या, किती गुणी मुलगी, आवाजच नाही. मधल्या सुट्टीत मी पटांगणाच्या कडेने चालत फरशा मोजायचे. कुणाच्या डोळ्यांत बघितलं की शब्द पुसले जायचे, म्हणून एक युक्ती काढली होती: समोरच्या बाईच्या कुंकवाकडे बघायचं. तिला वाटतं आपल्याकडेच बघतेय. पुरुषांशी बोलताना फार पंचाईत व्हायची. :) नोकरी लागली, हो. दर शुक्रवारी घरी येऊन अंधारात दोन तास पडून राहायचे, ते कुणाला माहीत नव्हतं.

या यंत्रांबद्दल दोन गोष्टी खटकतात. अमेरिकेच्या मोजणीत मुलगे मुलींच्या तिपटीहून जास्त आहेत, मग यंत्रं शिकतात तीही जास्त करून मुलग्यांवरच. आमच्यासारख्या कुंकवाकडे बघणाऱ्या निसटणार. दुसरं, लवकर ओळखून करणार काय? 'डोळ्यांत बघ, डोळ्यांत बघ' म्हणून हनुवटी धरणार असतील, तर उशिरा ओळखलेलं परवडलं. लवकर ओळखून आईला त्याची भाषा शिकवणार असतील, तर हजारदा ओळखा.

आणि रोग म्हणू नका, प्लीज.

खारी_बिस्किट | मंगळवार, सकाळी ६.५०

उलटी_छत्री, तुझा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. हनुवटी आम्हीही धरली आहे. पहिल्या वर्षी. कुणीतरी सांगितलं म्हणून.

रंगीत_पाटी | मंगळवार, दुपारी १२.१५

मी स्पीच थेरपिस्ट आहे, सतरा वर्षं. छत्रीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, कारण धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे.

निदानाचा कागद यायच्या आधी काम सुरू करता येतं, हे लोकांना माहीतच नसतं. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी ९ ते १४ महिन्यांची, सुरुवातीची लक्षणं दिसणारी बाळं घेतली. निम्म्यांच्या आईबापांना घरी जाऊन शिकवलं. त्यात बाळाला काही शिकवायचं नव्हतं. आई-बाळाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा आणि आईबरोबर बसून बघायचा: इथे त्याने तुला काय सांगितलं? तीन वर्षांचं होईपर्यंत या गटातल्या साधारण ७ टक्के मुलांना ऑटिझमचं निदान झालं, दुसऱ्या गटात २०. २०२१ मध्ये छापून आलंय. एकच अभ्यास आहे, डोक्यावर घेऊन नाचू नये, पण दिशा कळते.

आणि अशा व्हिडिओसाठी परदेशात जायला नको. साधारण याच पद्धतीचं काम गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी झालंय, पास नावाने. तज्ज्ञांऐवजी शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरोघर जायचे. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: आईबाप मुलाच्या लयीत बोलायला लागले आणि मुलंही आपणहून जास्त बोलावू लागली, काहीतरी दाखवू लागली.

माझ्या वेटिंग लिस्टवर आज किती मुलं आहेत ते लिहायची लाज वाटते. उद्या अर्लीपॉइंट पुण्यात आलं तर बारा मिनिटांत कळेल, आणि मग माझ्या दाराशी पाच महिने थांबावं लागेल. म्हणून नव्या यंत्राची बातमी आली की मी आधी विचारते, लाल दिवा लागल्यानंतर पुढे कोण आहे?

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ८.४५

गोव्याचं नाव निघालं म्हणून. भारतात अशी मुलं किती, याचा जो मोठा पाहणी अभ्यास २०१८ मध्ये आला, त्याच्या पाच ठिकाणांत आमचा उत्तर गोवाही होता. बाकीची पलवल, कांगडा, ढेंकनाल आणि हैदराबाद. दोन ते नऊ वर्षांची जवळपास ४,००० मुलं. ऑटिझम, फेफरं, कमी ऐकू येणं, बुद्धीची वाढ मागे वगैरे नऊ गोष्टी धरल्या तर साधारण आठातल्या एका मुलात काहीतरी होतं. ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे सदतीस_अंश यांनी १,००० मागे १० धरले ते ठीकच.

आमच्या घरी कोकणी, शाळेत इंग्रजी, आजीशी मराठी. 'तीन भाषांमुळे बोलत नाही' हे आम्हीही ऐकलंय. भाचीला शेवटी ऐकण्याचीच अडचण निघाली, बेरामध्ये. डॉक्टरांना +१.

नुसतीच_वाचक | बुधवार, पहाटे २.४०

सहा वर्षं इथे आहे, पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी सतरा महिन्यांची. टाटा करते. हाकेला कधी वळते, कधी नाही. बोट अजिबात करत नाही, मागायलाही नाही. हवं ते दिसलं की त्या दिशेला झेपावते आणि रडते. बाराव्या महिन्यात 'बाबा' आणि 'भूभू' म्हणायची, दोन महिन्यांपासून बंद आहे. सासूबाई म्हणतात दात येताहेत म्हणून. हा धागा वाचून झोप उडालीय.

तालुक्याचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ६.३०

ताई, धाग्यावर निदान होत नसतं आणि मी करणारही नाही. पण आलेले शब्द जाणं, कुठल्याही वयात, हे थांबून बघण्याचं लक्षण नाही. दातांनी शब्द जात नाहीत. या आठवड्यात बेराची वेळ घ्या आणि त्याच दिवशी डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडे, म्हणजे मुलांचा विकास बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे, नाव नोंदवा. एक झाल्यावर दुसरं असं नको. आणि आजच ती खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात ती रडेल. मोबाइलमध्ये ती घरच्यासारखी असेल. तुमच्या त्या सत्तर पेशंटवाल्या डॉक्टरलाही मान वर करून बघावं लागेल.

पाचवा_तास | बुधवार, सकाळी १०.००

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, विदर्भात. इथे सगळे पुण्या-मुंबईचं बोलताहेत म्हणून लिहिते.

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. विकासात मागे वाटलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, म्हणजे डीईआयसी. फुकट. कागदावर सगळं आहे. पण पथक येतं त्या दिवशी दीड वर्षाचं मूल आजोळी असतं, किंवा आई शेतावर. आणि जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, तीही एका खेपेत भागत नाही.

माझ्या सेविकांना यातलं काही शिकवलेलं नव्हतं, तरी एकीने मला सांगितलं होतं, 'मॅडम, हे पोरगं खाऊ घेतं, पण खाऊ देणाऱ्याकडं बघत नाही.' यंत्रापेक्षा कमी आहे का हे? ते पोरगं आता केंद्रात जातं.

दिल्लीकडे एक प्रयोग झालाय, स्टार्ट नावाचा. साधे आरोग्य कार्यकर्ते टॅबलेट घेऊन घरी जातात. मूल बुडबुडे फोडतं, चित्र रंगवतं, एक बटण दाबलं तर माणसांचा व्हिडिओ आणि दुसरं दाबलं तर वस्तूंचा, त्यातलं कुठलं दाबतं ते बघतात. दोन ते सात वर्षांच्या १३१ मुलांवर केलेलं. मला ते पटलं, कारण दवाखाना घरी येतो.

सदतीस_अंश | बुधवार, रात्री ८.२०

पाचवा_तास यांच्या सेविकेसारखीच गोष्ट मेलबर्नची. जोसेफीन बार्बारो यांनी लहान मुलांच्या नेहमीच्या तपासणीला बसणाऱ्या परिचारिकांना प्रश्न विचारण्याऐवजी बघायला शिकवलं. नजर, बोट, हाकेला वळणं, टाटा, नक्कल. ११ ते ३० महिन्यांची साडेतेरा हजार मुलं. त्यांनी 'धोका जास्त' म्हटलेल्यांपैकी ८३ टक्के ऑटिस्टिक निघाली. माझ्या ॲपवाल्या ४१च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. माझी नोकरी धोक्यात आहे.

उलट टोकाचं उदाहरण दक्षिण कोरियातलं: डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून ऑटिझम ओळखला, अचूकता पैकीच्या पैकी. आमच्या धंद्यात १०० टक्के दिसले की आनंद होत नाही, घाम फुटतो. ऑटिस्टिक मुलांचे फोटो २०२२ मध्ये काही महिन्यांत मुद्दाम काढलेले होते, बाकीच्यांचे २००७ पासूनच्या जुन्या साठ्यातून घेतलेले. मग यंत्राने ऑटिझम ओळखला की फोटो कुठल्या गठ्ठ्यातला ते ओळखलं?

त्यापेक्षा मला कॅनव्हास डीएक्स नावाचं निदानाचं यंत्र आवडलं. अमेरिकेत २०२१ची मान्यता, दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. ४२५ मुलांत त्याने जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला हो किंवा नाही असं उत्तर दिलं. बाकीच्यांना म्हणालं, सांगता येत नाही. यंत्राला हे म्हणता येणं मोठी गोष्ट आहे. माझ्या मॅनेजरला अजून जमत नाही.

अर्धा_कप_चहा | बुधवार, रात्री ९.४०

शेजाऱ्यांशी बोलले. नातवाबद्दल थेट काही म्हटलं नाही. 'आमच्याकडे एक प्रश्नांचा कागद आलाय, गंमत म्हणून भरू या' म्हणून त्याच्या आईबरोबर बसले. सातव्या प्रश्नाला ती गप्प झाली. मग म्हणाली, मला माहितीये.

जुना_सदस्य | गुरुवार, सकाळी ९.१५

उलटी_छत्री यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या वाड्यात एक बाळू होता. नोकरीला लागले म्हणालो, त्यात तो नव्हता. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, हे लिहिताना आठवलं.

नुसतीच_वाचक | पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार, विपूंना (वैयक्तिक निरोपांना) उत्तरं देऊ शकले नाही. आज बेरा झाली. रात्रभर जागी ठेवून आणा म्हणाले होते, म्हणजे तिथे झोपेल. ती जागी, आम्ही जागे, आणि रिक्षात बसताक्षणी झोपली ती रिपोर्ट येईपर्यंत उठलीच नाही. कान नॉर्मल आहेत. मला वाटलं होतं नॉर्मल ऐकून आनंद होईल.

डेव्हलपमेंटलची वेळ सात आठवड्यांनी आहे. रंगीत_पाटी ताईंनी विपूत सांगितल्याप्रमाणे रोज अर्धा तास जमिनीवर बसतेय. ती करेल तेच करायचं, आपण काही शिकवायचं नाही. ती चमचा आपटते, मी चमचा आपटते. काल तिने आपटायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने व्हिडिओ काढलाय, चार सेकंदांचा.

सासूबाई आता बाजूला बसून दुसरा चमचा आपटतात.

खारी_बिस्किट | गुरुवार, रात्री १०.३०

सात आठवडे म्हणजे फार नाही, पण दर सोमवारी फोन करून कुणाची वेळ रद्द झालीय का विचारत जा. आमची तशीच तीन आठवडे आधी लागली होती. जाताना तो चार सेकंदांचा व्हिडिओ ने, शब्द होते तेव्हाचे जुने व्हिडिओही शोधून ठेव, आणि तिचा स्वतःचा चमचा ने. तिथे प्लास्टिकचे असतात.